नोकरी सोडू की नको? चार सेशनचं करिअर काउन्सेलिंग घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. पॅकेज घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे "खूप छान अनुभव, मॅडम फार चांगल्या" एवढ्यावरच संपत होते आणि त्यावरून काडीचाही अंदाज येत नव्हता. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाहीये, एक तर माझी त्यांच्याशी अजून थोडी खटपट चालू आहे, आणि दुसरं म्हणजे अशा सर्व्हिसेस आता पैशाला पासरी झाल्यात, साचा सगळ्यांचा साधारण तोच, त्यामुळे एकीबद्दलचं बाकीच्यांनाही बरंचसं लागू पडेल. घाईत असाल तर इथेच थांबा: पाचपैकी साडेतीन. दोन सेशन पैसे वसूल, एक ठीकठाक, एक पार वाया.

आता माझी भानगड. मी अकाउंट्समध्ये आहे, १२ वर्षं झाली, त्यातली ७ एकाच ठिकाणी. महिनाअखेरचं क्लोजिंग माझ्याकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लोजिंग म्हणजे महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले पाच दिवस, त्यात सगळ्या एंट्र्या आत घ्यायच्या, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या आणि बँकेच्या नोंदी जुळवणं) करायचं, प्रोव्हिजन (बिल यायच्या आधीच खर्चाची तरतूद) टाकायच्या, रिपोर्ट वर पाठवायचा, आणि हे सगळं ज्या कागदांवर चालतं ते दुसऱ्या डिपार्टमेंटकडून येणार, ते कधीच वेळेत येत नाहीत, आणि उशीर झाला की बोट माझ्याकडे. दीड वर्षापूर्वी टीममधली दोन माणसं सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत, काम मात्र जिथल्या तिथे. मग हळूहळू ते सुरू झालं, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पोटात गोळा, रात्री अडीचला जाग येऊन एखादी न जुळलेली एंट्री आठवणं, घरी कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जाणं.

बाहेर इंटरव्ह्यू द्यायला लागले आणि एका लहान कंपनीत गाडी दुसऱ्या राउंडपर्यंत गेली. तर घरात मतांचा पाऊस. नवरा म्हणाला, "अगं सोड ना मग, रोज रडतेस त्यापेक्षा." ताई म्हणाली, "सात वर्षं घालवलीस तिथे, आता कुठे तुझं ऐकायला लागलेत." आई म्हणाली, "घरोघरी मातीच्याच चुली." तिघांचंही पटत होतं, आणि तिघांचंही एकाच दिवसात पटत होतं हाच तर त्रास होता. म्हणून पॅकेज घेतलं. चार सेशन, प्रत्येक ५० मिनिटांचं, व्हिडिओ कॉलवर, सोबत वर्कशीट्स आणि सुरुवातीला एक पर्सनॅलिटी टेस्ट.

टेस्टबद्दल दोन वाक्यात आटपते कारण तेवढीच तिची लायकी आहे. १६० प्रश्न, शेवटी चार अक्षरांचा एक टाइप आणि रंगीत पीडीएफ, त्यात "तुम्हाला अर्थपूर्ण काम आवडतं" असली वाक्यं (कुणाला आवडत नाही हो?). ही ज्या टेस्टची नक्कल आहे ती मूळ टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बनवली, दोघींचंही मानसशास्त्रातलं औपचारिक शिक्षण नव्हतं, आणि तिच्यावरचा जुना आक्षेप हा की काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदललेला निघतो. मी दहा दिवसांनी परत दिली. एक अक्षर बदललं. दहा दिवसांत माझं व्यक्तिमत्त्व बदललं असेल तर क्लोजिंगच चालू होतं, तेही शक्य आहे.

पहिलं सेशन. इथे मात्र मी चकित झाले. मला वाटलं होतं काउन्सेलर मॅडम विचारतील पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता वगैरे. त्यांनी मला वीस मिनिटं बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग विचारलं, "मागच्या आठवड्यातला सगळ्यात वाईट तास कुठला होता?" नोकरी नाही, आठवडा नाही, तास. मला पटकन सांगताच येईना. म्हणजे मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतेय की नोकरी असह्य झालीय आणि त्यातला नेमका कुठला तास असह्य ते मला माहीत नाही!

मग त्यांनी दोन आठवड्यांची एक डायरी दिली, साधा तक्ता. काय करत होतात, किती त्रास झाला ते दहापैकी, आणि तिसरा रकाना, "हे कुणी ठरवलं?" पहिले दोन मला कळले, तिसरा उगाच वाटला. निमूटपणे भरत गेले. दोन आठवड्यांनी बघते तर ज्या दिवशी सगळ्यात जास्त काम केलं ते दिवस चार-पाचच्या वर गेलेच नव्हते. एक दिवस तर सलग अकरा तास बसून एक जुना गोंधळ निस्तरला होता आणि त्रास दहापैकी तीन, उलट मजा आली होती असं आठवलं. नऊ आणि दहा पडले होते ते सगळे तास वाट बघण्याचे, किंवा संध्याकाळी सहाला येऊन कुणीतरी "हा आकडा बदलायचा आहे" म्हटल्याचे, आणि तिसऱ्या रकान्यात सगळीकडे दुसऱ्याचं नाव.

दुसऱ्या सेशनला मॅडमनी सांगितलं की हा तिसरा रकाना त्यांच्या डोक्यातला नाही, रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं एक मॉडेल मांडलं, त्यात नुसता कामाचा बोजा बघत नाहीत, बोजा आणि त्या कामावर तुमचा किती ताबा आहे हे दोन्ही एकत्र बघतात, आणि बोजा जास्त पण ताबा कमी अशी जी जोडी असते ती माणसाला पोखरते. बोजा जास्त आणि ताबाही जास्त असेल तर तेच काम माणसाला वाढवतं म्हणे. माझा अकरा तासांचा दिवस या दुसऱ्या खान्यात बसत होता. इतके दिवस मी "काम फार आहे" असं म्हणत होते आणि नव्या ठिकाणी काम कमी आहे का तेवढंच विचारणार होते. चुकीचं औषध घ्यायला निघाले होते म्हणा ना.

तासांचंही बघितलं आम्ही. क्लोजिंगच्या आठवड्यात माझे ५८ तास भरले, एरवी ४६ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक मोठा अभ्यास काढला होता, त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त निघाला. हे ऐकून मी घाबरले, तर मॅडम म्हणाल्या हे वर्षानुवर्षं तसं करणाऱ्यांचं आहे, महिन्यातल्या एका आठवड्याचं नाही, पण आकडा लक्षात असू द्या. हे मला आवडलं. भीती घालून पुढचं पॅकेज गळ्यात मारायची सोन्यासारखी संधी होती, त्यांनी घेतली नाही. (ती संधी नंतर त्यांच्या सेल्सवाल्यांनी घेतली, ते पुढे.)

बर्नआउटचंही तसंच. मी आपलं सरळ म्हणून टाकलं की मला बर्नआउट झालाय. त्यांनी सांगितलं की २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट घातला तो आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून, आणि त्याच्या तीन खुणा दिल्यात, पार गळून जाणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. माझ्यात पहिली होती, दुसरी थोडी, तिसरी अजिबात नाही, उलट मला वाटतं माझ्याइतकं नीट तिथे कुणी करत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. आणि स्पष्ट म्हणाल्या की मी डॉक्टर नाही, झोप अशीच राहिली तर डॉक्टरांकडे जा, ते माझ्या सेशनमध्ये बसणारं काम नाही. गेले मी. ते वेगळं प्रकरण आहे, पण झोप थोडी जागेवर आल्यावर निर्णयाकडे बघायची नजरच बदलली हे कबूल करते. रात्री अडीचला राजीनाम्याचा ड्राफ्ट लिहिणाऱ्यांनी एवढं तरी आधी करावं.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच द्यायला तयार होते. मग दुसऱ्या सेशनचा उरलेला अर्धा भाग आला आणि गाडी घसरली.

फायदे-तोट्यांची वर्कशीट. कागदाच्या मधोमध रेघ, इकडे राहण्याचे फायदे, तिकडे जाण्याचे. माझे इकडे नऊ, तिकडे अकरा. मॅडम म्हणाल्या, "बघा, कल कुठे आहे ते दिसतंय." आता मी अकाउंटंट आहे हो! अकरा आणि नऊ ही बेरीज झाली का? त्या अकरात एक मुद्दा "ऑफिस घराजवळ" होता आणि नऊमध्ये एक मुद्दा "टीममधली दोन माणसं माझ्या भरवशावर आहेत" हा होता, दोघांचं वजन एक धरायचं? घरी येऊन जरा शोधलं तर गंमत कळली. ही पद्धत बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून कळवली होती, प्रीस्टली म्हणजे तोच तो ऑक्सिजनवाला शास्त्रज्ञ. आणि प्रीस्टलीचा प्रश्न काय होता? नवी नोकरी घेऊ की नको! तो तेव्हा चर्चमध्ये मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक होता आणि लॉर्ड शेलबर्न नावाच्या उमरावाने त्याला स्वतःकडे नोकरीला बोलावलं होतं. फ्रँकलिनने त्याला सरळ कळवलं की काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. पण त्याच्या पद्धतीत नुसते मुद्दे मोजायचे नव्हतेच, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जायचं आणि मग दोन्हीकडचे सारख्या वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडायचे, कधी इकडच्या एकासमोर तिकडचे दोन, कधी दोनासमोर तीन, आणि शेवटी काय उरतं ते बघायचं. खोडणं हाच सगळा जीव आणि वर्कशीटमध्ये नेमकं तेच नाही. मी घरी बसून खोडत गेले तर अकराचे दोन उरले आणि नऊचे दोन. म्हणजे जिथल्या तिथे, पण निदान आता भांडण कुणाकुणाचं आहे ते दिसत होतं, इकडे टीम आणि सवयीचं काम, तिकडे पगार आणि "हे ठिकाण नाही" एवढीच एक गोष्ट. ही शेवटची गोष्ट तेव्हाच डोळ्यात भरायला हवी होती. पगार सोडला तर "तिथे काय आहे" असं काही उरलंच नव्हतं तिकडच्या यादीत, नुसतं इथे काय नको तेवढं होतं.

प्रीस्टलीने नोकरी घेतली, बाय द वे. आणि तिथे असतानाच १७७४ मध्ये ऑक्सिजनवाला प्रयोग केला. आता यावरून कुणी असा अर्थ काढू नका की नोकरी बदलली की ऑक्सिजन सापडतो.

पण मॅडमनी जवळजवळ तसाच अर्थ काढला, दुसऱ्या एका प्रयोगावरून. स्टीव्हन लेव्हिट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक वेबसाइट काढली होती, ज्यांचा निर्णय होत नाही त्यांनी तिथे येऊन नाणं उडवायचं, २०,००० च्या वर नाणी उडाली, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर मोठ्या निर्णयांमध्ये ज्यांना नाण्याने "बदल कर" सांगितलं होतं ते बदल करण्याची शक्यताही जास्त होती आणि सरासरीने ते जास्त खूशही होते. हे खरं आहे, प्रयोग झालेला आहे. पण मॅडमनी ते "म्हणजे संशोधन सांगतं की सोडलेलं बरं" असं गुंडाळून दिलं. अहो, त्या वेबसाइटवर आलेच होते कोण? जे आधीच काठावर उभे होते, आणि जे इतके मोकळे होते की नाण्यावर सोपवू शकत होते. त्यातून काठावरच्या माणसाने बदलाला उगाच घाबरू नये इतपत काढता येतं, अमुक कंपनीची ऑफर घे हे नाही निघत. मी तसं बोलले तर थोड्या नाराज झाल्या. नंतर म्हणाल्या, "तुम्ही विचार जरा जास्त करता." असेल. त्यासाठीच तर पैसे भरले होते.

दुसरं सेशन म्हणून ठीकठाक या खात्यात गेलं. पहिला अर्धा भाग सोन्याचा असूनही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सेशनच्या मध्ये ऑफर आली. पगार २० टक्के जास्त, हुद्दा एक पायरी वर, उत्तर सात दिवसांत. मी लगेच कळवलं, तिसरं सेशन दुसऱ्या दिवशीचं मिळालं, चौथं सहाव्या दिवशीचं ठरलं. छान.

तिसरं सेशन या अख्ख्या पॅकेजमधलं सगळ्यात भारी. एवढंच वेगळं मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मॅडमनी सुरुवातीलाच म्हटलं, "धरून चाला की तुम्ही ऑफर घेतली, आता एक वर्ष झालंय आणि तो निर्णय सपशेल फसलाय. काय झालं असेल ते लिहा. दहा मिनिटं." याला प्रीमॉर्टेम म्हणतात, गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कल्पना आहे, मुळात प्रोजेक्टसाठी काढलेली. "काय चुकू शकेल?" असं विचारलं असतं तर मी दोन-तीन सभ्य मुद्दे लिहिले असते, पण चुकलंच आहे असं धरल्यावर पेन थांबेना. मालक स्वतः रोज आकड्यांत हात घालतो. माझ्या आधी त्या खुर्चीत कोण होतं ते मी विचारलंच नाही. लहान कंपनी म्हणजे क्लोजिंग माझ्याकडे आणि मी आजारी पडले तर कुणीच नाही. सॉफ्टवेअर बदलणार आहेत असं इंटरव्ह्यूमध्ये कुणीतरी ओझरतं म्हणालं होतं. दीड पान झालं. आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा तिसरा रकाना तोच, "कुणी ठरवलं? दुसऱ्याने."

मग उलट करायला लावलं. धरून चाला राहिलात, वर्ष झालं, फसलं. तेही लिहिलं, ते तर तोंडपाठच होतं.

मग एक प्रश्न विचारला तो मी आता भेटेल त्याला विचारते. "समजा तुम्ही आज त्या नव्या कंपनीत, त्या नव्या पगारावर कामाला आहात, आणि तुम्हाला तुमच्या आत्ताच्या कंपनीकडून आत्ताच्या कामाची ऑफर आली, २० टक्के पगार सोडून याल का?" मी म्हटलं, वेड लागलंय का. त्या म्हणाल्या, मग "सात वर्षं घालवली" यातलं किती खरं वजन आहे आणि किती नुसती बसलेली जागा सोडवत नाही त्याचं आहे ते बघा. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर या दोघांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय की आहे तेच चालू ठेवायचा पर्याय माणसं उगाच झुकतं माप देऊन निवडतात. ताईच्या मुद्द्यातली निम्मी हवा तिथेच गेली. (ताईला अजून सांगितलेलं नाही.)

पण त्याच दमात दुसरी बाजूही सांगितली, म्हणून या सेशनला मी मानते. २००५ मध्ये बॉसवेल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, मॅनेजर लोक नोकरी बदलतात तेव्हा समाधानाचा आकडा आधी घसरलेला असतो, बदलल्यावर झपकन वर जातो, आणि मग वर्षभरात परत खाली येतो. त्याला हनिमून-हँगओव्हर असंच नाव दिलंय. म्हणजे नव्या ठिकाणचे पहिले तीन महिने छान जाणारच, त्यावरून निर्णय बरोबर होता असं समजू नका. आईच्या मातीच्या चुलींना एवढं शास्त्रीय पाठबळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

सेशनच्या शेवटी नव्या कंपनीला विचारायच्या प्रश्नांची यादी केली. कामाचे तास किती, वातावरण कसं, असले प्रश्न कटाप, कारण त्यांना ठरलेली उत्तरं येतात. त्याऐवजी: या जागेवर आधी कोण होतं आणि किती दिवस टिकलं? मागच्या क्लोजिंगला उशीर झाला का, झाला तर कुणामुळे आणि मग काय केलं? माहिती वेळेत आली नाही तर मला "नाही" म्हणायचा अधिकार आहे का? आणि टीममधल्या एका माणसाशी एचआरशिवाय पंधरा मिनिटं बोलू द्याल का? ही शेवटची मागणी करायला मला लाज वाटत होती. मॅडम म्हणाल्या, ज्यांना ती मागणी खटकेल त्यांनी तुमचं काम सोपं केलं असं समजा. आणि हो, लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, आणि नोटीस पिरियड दोन्हीकडच्या कागदांवर तपासा, हे पण होतंच, ते तुम्हाला कुणीही सांगेल.

आता तक्रार. चौथं सेशन मुदत संपायच्या आदल्या दिवशी होतं. त्या दिवशी सकाळी मेसेज आला की काही अपरिहार्य कारणास्तव सेशन पुढे ढकललंय, नवीन तारीख सहा दिवसांनी. सहा दिवसांनी! मी फोन केला, सांगितलं की बाई गं, उद्या मला उत्तर द्यायचंय, त्यासाठीच तर हे सेशन आहे, दुसरं कुणी असेल तर द्या, अर्धा तास चालेल. फोनवरच्या मुलीने नम्रपणे ऐकून घेतलं आणि मग काय म्हणाली असेल? की आमचं प्रीमियम पॅकेज घेतलंत तर त्यात अर्जंट स्लॉट मिळतो. आणि रेझ्युमे मेकओव्हर फ्री आहे. माझ्या हातात ऑफर आहे, मला रेझ्युमे काय करायचाय? आणि खरं सांगते, त्या घडीला मी इतकी टेकीला आले होते की घेतलं ते प्रीमियम. स्लॉट तरीही मिळाला नाही. त्यादिवशी "सगळे स्लॉट भरलेत" म्हणे.

तर निर्णय मी एकटीनेच घेतला, काउन्सेलरविना. नव्या कंपनीच्या एचआरला ते प्रश्न विचारले. आधीच्या माणसाबद्दल उत्तर आलं, "ते वैयक्तिक कारणाने गेले." टीममधल्या माणसाशी बोलू द्यायला मात्र तयार झाले, त्याबद्दल त्यांना मार्क. ते गृहस्थ आधी सगळं छान छान सांगत होते, मग मी विचारलं की मागच्या महिन्यात शेवटचा आकडा कुणी आणि किती वाजता बदलला, तर दोन क्षण गप्प, आणि मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण क्लोजिंगवाल्याच ना?" झालं. आधीचा माणूस आठ महिने टिकला होता. सॉफ्टवेअर वर्षाच्या मध्येच बदलणार होतं. आकडे मालक बदलायचे, रात्री, फोनवरून.

ऑफर नाकारली.

सहा दिवसांनी ते चौथं सेशन झालं. मॅडमनी माफी मागितली, तब्येतीचं काहीतरी होतं, ते मी समजू शकते, राग त्यांच्यावर नाहीच, राग पर्यायी व्यवस्था नसण्यावर आहे. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही राहायचं ठरवलंत तर." आणि मी पटकन म्हणाले, "नाही हो, तिथे जायचं नाही एवढंच ठरवलंय." बोलून गेले आणि मग माझंच मला कळलं की गेले तीन महिने मी हे दोन प्रश्न एकात एक अडकवून बसले होते. इथून निघायचं का हा एक, आणि तिथे जायचं का हा दुसरा. घरचे, मॅडम, वर्कशीट, सगळे एकाच रेघेच्या दोन बाजूंना हे दोन्ही लिहीत होते, म्हणून तर दोन-दोनवर अडकत होतं. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे डायरी भरली तेव्हापासून "हो" होतं, दुसऱ्याचं "नाही". खरं तर हे पहिल्याच सेशनला सांगायला हवं त्यांनी, माझ्या मते हीच या सर्व्हिसची सगळ्यात मोठी उणीव आहे, स्लॉटच्या गोंधळापेक्षाही मोठी. त्यांच्या सगळ्या फॉर्मवर पहिला प्रश्न "नोकरी बदलायची आहे? हो / नाही" असा आहे.

उरलेल्या चौथ्या सेशनमध्ये विशेष काही झालं नाही, माझ्यासाठी ते निघून गेलेल्या गाडीचं तिकीट होतं. एक गोष्ट कामाची झाली, डायरी घेऊन माझ्या साहेबांशी कसं बोलायचं त्याची थोडी तालीम केली. "मला ताण येतोय" असं न म्हणता तक्ता समोर ठेवायचा, हे चार तास कशामुळे गेले, हे पाच कशामुळे. बोलले. दोन गोष्टी मागितल्या, बाकीच्या डिपार्टमेंटना एक पक्की कट-ऑफ तारीख, त्यानंतर आलेली एंट्री पुढच्या महिन्यात, आणि क्लोजिंगच्या आठवड्यात एक जास्तीचा माणूस. पहिली मिळाली. दुसरी "बघू" वर आहे आणि आमच्याकडचं "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल. याला चार महिने झाले. मागच्या क्लोजिंगला ५१ तास भरले आणि नऊच्या वरचा तास एकच होता. बरं चाललंय, पण अर्ज करणं थांबवलेलं नाही, फक्त आता इंटरव्ह्यूला मीच जास्त प्रश्न विचारते. एका ठिकाणी त्यामुळेच पत्ता कट झाला बहुतेक. असो.

कुणी घ्यावं? ज्यांच्या हातात अजून ऑफर नाही, निदान महिनाभर वेळ आहे, आणि ज्यांना आपल्याला नेमकं काय टोचतंय ते सांगता येत नाही, त्यांनी जरूर घ्यावं, पण दोनच सेशन मिळत असतील तर दोनच, आणि मधे डायरीला दोन आठवडे ठेवा. पर्सनॅलिटी टेस्ट वगळता येते का विचारा, पैसे कमी होतील. ज्यांना कुणीतरी "सोड" किंवा "राहा" सांगावं असं वाटतंय त्यांनी घेऊ नये, ते सांगत नाहीत, आणि चुकून सांगितलंच, जसं त्या नाण्याच्या वेळी झालं, तर तेव्हा ऐकू नये. ज्यांच्याकडे ऑफर येऊन पडलीय आणि पाच दिवस उरलेत त्यांनी तर मुळीच नको, त्यापेक्षा प्रीमॉर्टेमचं ते दीड पान स्वतः लिहा आणि त्या टीममधल्या एका माणसाला फोन लावा. आणि ज्यांना छळ होतोय, पगार अडकलाय, अपमान होतोय, त्यांचा प्रश्नच वेगळा आहे, तिथे तक्ते भरत बसायची गरज नाही.

मॅडमना स्वतंत्रपणे साडेचार देईन. बुकिंग आणि सपोर्टला एक. प्रीमियमचे पैसे परत मागितलेत, तीन मेल झाले, तिसऱ्याला उत्तर आलं की रिफंडची विनंती संबंधित टीमकडे पाठवली आहे आणि तोपर्यंत मी माझा फ्री रेझ्युमे मेकओव्हर वापरून घ्यावा.